कोकणात जुळणारा जिओइड घाटमाथ्यावर का बिघडतो?

लक्षण दरवेळी एकच असतं. कोकणपट्टीतल्या बेंचमार्कवर (पक्की उंची ठरलेल्या खुणेवर) गुरुत्वावरून काढलेला तुमचा जिओइड, म्हणजे समुद्रसपाटीचा जमिनीखालून पुढे नेलेला पृष्ठभाग, आणि जीपीएस-लेव्हलिंग, म्हणजे जीपीएसची उंची वजा लेव्हलिंगची उंची, यांच्यात चार-पाच सेंटिमीटरचा फरक, म्हणजे समाधान वाटावं असा. घाट चढून देशावर आलं की तोच फरक तीस-चाळीस सेंटिमीटरवर जातो. नकाशावर रंग भरले की सह्याद्रीच्या कड्याला धरून उत्तर-दक्षिण एक पट्टा उठून दिसतो. मग गुरुत्वातून जिओइडची उंची काढणारं स्टोक्सचं इंटिग्रेशन पुन्हा चालवलं जातं, त्यातला कर्नल (जवळ-दूरच्या बिंदूंना वजन देणारं सूत्र) बदलला जातो, ग्रिड अजून बारीक केला जातो. पट्टा जागचा हलत नाही.

गेल्या काही वर्षांत हा पट्टा मी इतक्या जणांच्या लॅपटॉपवर पाहिलाय की आता फाइल उघडायच्या आधी तो कुठे असेल ते सांगता येतं. पहिल्यांदा पाहिला तो माझ्याच कामात, आणि त्याचा माग काढण्यात एक अख्खा पावसाळा गेला. तेव्हापासून मनाशी पक्कं झालंय: अशा वेळी चूक बहुतेक स्टोक्समध्ये नसते, ती उंचीत असते. कुठल्या पृष्ठभागापासून मोजलेली उंची, कुठल्या बिंदूची, कुठल्या डीईएमवरून (जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशावरून) घेतलेली, आणि डोंगराचा परिणाम काढताना जो डोंगर काढला तोच नंतर परत घातला का, एवढ्या चार प्रश्नांत बहुतेक सगळं सापडतं.

पद्धत थोडक्यात आठवून घेऊ, म्हणजे पुढचं बोलणं एका पातळीवर होईल. मोजलेल्या गुरुत्वातून सूत्राने येणारं सामान्य गुरुत्व वजा करून आणि फ्री-एअर सुधारणा (उंचीमुळे गुरुत्व घटतं त्याची भरपाई) धरून जो फरक उरतो ती विसंगती काढायची. त्यातून ईजीएम२००८ सारख्या जागतिक मॉडेलने सांगितलेला लांब लहरींचा भाग वजा करायचा. मग मॉडेलला न दिसलेल्या बारीक डोंगरदऱ्यांचा परिणाम, ज्याला आपण आरटीएम म्हणतो, तोही वजा करायचा. उरलेली शिल्लक विसंगती ग्रिडवर बसवायची, स्टोक्समधून उंचीत बदलायची, आणि आधी वजा केलेले दोन्ही भाग उंचीच्या रूपात परत मिळवायचे. काढा, मोजा, परत घाला. ग्रॅव्हसॉफ्ट या तयार प्रोग्रामसंचात करा नाहीतर स्वतः लिहिलेल्या पायथॉनमध्ये, साखळी हीच.

आधी पट्ट्याचा आकार वाचा

आकडे उकरण्याआधी फरकांचा नकाशा दहा मिनिटं नुसता बघत बसा. चुकीचं मूळ तिच्या आकारात असतं.

फरक सगळीकडे सारखा असेल, घाट-कोकण असा भेदच नसेल, तर शून्य पदाकडे, म्हणजे मॉडेलमधल्या सगळीकडे सारख्या असणाऱ्या स्थिर भागाकडे, बघा. डब्ल्यूजीएस८४ साठी, म्हणजे जीपीएस ज्या एलिप्सॉइडपासून (पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून) उंची मोजतं त्यासाठी, ईजीएम२००८ चं शून्य पद उणे ४१ सेंटिमीटर आहे. पॉट्सडॅमच्या आयसीजीईएम सेवेवरून मॉडेलची मूल्यं उतरवताना ते धरायचं की नाही याचा पर्याय असतो. एकदा धरून आणि एकदा न धरता उतरवलेल्या दोन फाइली एकाच गणितात शिरल्या की ४१ सेंटिमीटर आयतेच येतात.

फरक दक्षिणेकडून उत्तरेकडे हळूहळू बदलत असेल तर कायमस्वरूपी भरतीच्या, म्हणजे चंद्र-सूर्याच्या ओढीने आलेला कायमचा फुगवटा धरायच्या, पद्धतीत घोळ आहे. एक मूल्य भरतीमुक्त पद्धतीत, दुसरं सरासरी भरतीच्या पद्धतीत. १८ अंश अक्षांशावर या दोहोंतला जिओइडचा फरक सुमारे ९ सेंटिमीटर येतो, आणि सावंतवाडीपासून धुळ्या-नंदुरबारच्या टोकापर्यंत तो जेमतेम अडीच सेंटिमीटरने बदलतो. हा फरक फक्त अक्षांशावर अवलंबून असतो. म्हणून पश्चिम-पूर्व पायरी यातून येऊच शकत नाही, ही शंका तिथेच खोडून टाका.

चौकोनी तुकडे दिसत असतील, एका जुन्या सर्वेक्षणाची हद्द संपते तिथे रंग एकदम बदलत असेल, तर गुरुत्वाच्या डेटमची (मोजणीच्या आधारपातळीची) मिसळ झालीय. त्याबद्दल खाली लिहिलंय. नकाशाच्या कडांवर लाटा उठत असतील तर एफएफटीला (ग्रिडवर झटपट इंटिग्रेशन करणाऱ्या गणिताला) पुरेशी शून्यांची झालर दिलेली नाही, किंवा तुमच्या क्षेत्राबाहेर किमान अंशभर डेटा घेतलेला नाही. ते सोपं आहे, त्यात वेळ घालवत नाही.

आणि पट्टा कड्याला धरून चालत असेल, खिंडीत आत वळत असेल, जुन्नरकडे वर जाऊन भीमाशंकराशी परत कड्यावर येत असेल, तर मात्र हा लेख तुमच्यासाठी आहे.

किती चूक किती फरक पाडते

एक ठोकताळा तोंडपाठ हवा. १०० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात विसंगती सरसकट १ मिलीगॅलने (गुरुत्व मोजायचं बारीक एकक) चुकली, तर मध्यावर जिओइड सुमारे १० सेंटिमीटरने सरकतो. स्टोक्सच्या सूत्राचं सपाट रूप घेऊन वहीत दोन ओळींत काढता येतं: विसंगती गुणिले त्रिज्या, भागिले गुरुत्व.

आता उलट जा. तीस-चाळीस सेंटिमीटर म्हणजे तीन-चार मिलीगॅल. फ्री-एअर सुधारणा मीटरमागे ०.३०८६ मिलीगॅल. म्हणजे एवढा मोठा दिसणारा पट्टा उभा करायला उंचीत दहा-बारा मीटरची सरसकट चूक पुरते. घाटात दहा-बारा मीटर म्हणजे रस्त्याचं एक वळण.

खाडीवर कर्सर ठेवा

ही माझी पहिली चाचणी, आणि निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. वापरलेला प्रत्येक डीईएम क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्राममध्ये उघडा. दाभोळ, जयगड, राजापूर, कुठलीही मोठी खाडी घ्या आणि मुखाजवळच्या पाण्यावर किंवा पुळणीवर कर्सर ठेवा. शून्य ते दोन-चार मीटर दिसलं तर उंची समुद्रसपाटीपासूनची आहे. उणे साठ-सत्तरच्या घरात काही दिसलं तर ती एलिप्सॉइडपासूनची उंची आहे.

आपल्याकडे हा गोंधळ इतका खर्चिक का पडतो, तर भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात जगातला सगळ्यात खोल जिओइडचा खळगा आहे, उणे १०६ मीटरच्या आसपास. त्याचा उतार आपल्या अंगणापर्यंत येतो. मुंबई-पुण्याच्या परिसरात जिओइड एलिप्सॉइडच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. ज्या देशात हा आकडा पाच मीटर असतो तिथे चूक झाकली जाते. आपल्याकडे झाकली जात नाही, पण डोंगराळ भागात ओळखूही येत नाही, कारण ६२० च्या जागी ५५५ मीटर बघून कुणाला शंका येत नाही. म्हणून खाडी. पाण्यावर ती लपत नाही.

एसआरटीएम या डीईएमच्या उंच्या ईजीएम९६ जिओइडपासूनच्या, कोपर्निकस डीईएमच्या ईजीएम२००८ पासूनच्या. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरून मिळणारा कार्टोडेम मात्र एलिप्सॉइडवर आहे. तिन्ही एकाच फोल्डरमध्ये, तिन्हींना टिफचंच शेपूट.

रत्नागिरी-कोल्हापूर पट्ट्यावर काम करणारी एक विद्यार्थिनी असाच नकाशा घेऊन आली होती. कोकणातल्या रस्त्याकडेच्या तिच्या बिंदूंना लेव्हलिंगची उंची होती. देशावरच्या, साधारण पाचातल्या एका बिंदूला उंचीच नव्हती, म्हणून ती कार्टोडेमवरून भरलेली. हे तिने लपवलं नव्हतं, फाइलच्या शेवटच्या रकान्यात एक खूण करून ठेवली होती. फक्त ती खूण पुढच्या कुठल्या प्रोग्रामने वाचली नाही. ६५ मीटर गुणिले ०.३०८६ म्हणजे २० मिलीगॅल. पाचातला एक बिंदू, म्हणून सरासरीने चार. चार मिलीगॅल म्हणजे चाळीस सेंटिमीटर. आम्ही दोघांनी कागदावर हा गुणाकार केला तेव्हा तिच्या नकाशावरचा आकडा समोरच होता: ३८.

उपाय सरळ आहे. एलिप्सॉइडची उंची वजा जिओइड, एवढंच करायचं. इथे कुणीतरी हमखास विचारतं, की जिओइड काढण्यासाठीच जिओइड कसा वापरायचा. खुशाल वापरा. ईजीएम२००८ अर्ध्या मीटरने जरी चुकला तरी विसंगतीत ०.१५ मिलीगॅलचा फरक पडेल, तोही सगळीकडे एका दिशेने नाही.

बिंदूची उंची आणि त्याच जागची डीईएमची उंची

डेटम जुळले तरी इथे थांबू नका. प्रत्येक गुरुत्व बिंदूची नोंदलेली उंची वजा त्या जागची डीईएमची उंची, असा एक रकाना तयार करा आणि त्याचा आलेख काढा. गर्दी शून्याभोवती हवी. पाच-दहा मीटरची रुंदी चालेल.

गर्दी दहा-पंधरा मीटर डावीकडे सरकलेली असेल आणि ते बिंदू कोयना-चांदोलीच्या दाट रानातले असतील, तर रडारने जमीन पाहिलेली नाही, झाडांचा माथा पाहिलाय. एसआरटीएम फेब्रुवारी २००० मधली उड्डाणमोहीम आहे आणि तिचा सी-बँड दाट पानांतून खालपर्यंत पोचत नाही. अशा ठिकाणी नोंदलेल्या उंचीवर विश्वास ठेवा, डीईएमवर नको.

शेपटी लांब असेल, म्हणजे बहुतेक बिंदू नीट पण काही दोनशे-तीनशे मीटरने बाहेर, तर ते बिंदू नकाशावर टाका. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक वेळी ते कड्याच्या काठाचे निघाले, आणि कारण उंचीचं नव्हतं, अक्षांश-रेखांशाचं होतं. जुन्या टोपोशीटवरून वाचलेली स्थानं एव्हरेस्ट एलिप्सॉइडवरची असतात. आपल्या भागात तिथून डब्ल्यूजीएस८४ वर येताना बिंदू शंभराहून जास्त मीटर सरकतो. सपाट रानात याने काही बिघडत नाही, सामान्य गुरुत्वात पाच शतांश मिलीगॅलचा फरक. पण नाणेघाटाच्या काठावर शंभर मीटर पश्चिमेला सरकलात तर तुम्ही हवेत आहात. भूप्रदेश-सुधारणेचा (आजूबाजूच्या डोंगरदऱ्यांचा परिणाम काढण्याचा) प्रोग्राम तुमचा बिंदू एका अशा डोंगराच्या शेजारी मोजतो, जो प्रत्यक्षात तुमच्या पायाखाली होता.

याच पायरीला डीईएममधले खड्डेही शोधा. उभ्या कड्यांच्या सावलीत एसआरटीएमच्या मूळ आवृत्तीला मोकळ्या जागा आहेत आणि तिथे −३२७६८ लिहिलेलं असतं. ग्रॅव्हसॉफ्ट ९९९९ ला अज्ञात समजतं, −३२७६८ ला नाही. ते त्याला खरोखरीचा बत्तीस किलोमीटर खोल खड्डा धरतं आणि इमानदारीने त्याचा परिणाम मोजतं. असा एक पिक्सेलसुद्धा आजूबाजूच्या बिंदूंचं गणित नासवायला पुरतो.

ग्रिड आधी की डोंगर आधी

बाकी सगळं बरोबर असूनही पट्टा राहतो, तेव्हा मी पहिल्यांदा क्रम विचारतो. फ्री-एअर विसंगती थेट ग्रिडवर बसवली आणि डोंगराचा परिणाम मागाहून ग्रिडवरच काढला, असं उत्तर आलं की बाकीचं बघायची गरज राहत नाही.

कारण समजून घेण्यासारखं आहे. फ्री-एअर विसंगती उंचीबरोबर चढते-उतरते, मीटरमागे साधारण ०.१११९ मिलीगॅल. खोपोली ६० मीटरवर, लोणावळा ६२० मीटरवर, मधलं हवाई अंतर सातआठ किलोमीटर. नुसत्या उंचीमुळे या दोन ठिकाणांत ६० मिलीगॅलच्या वर फरक पडतो. आता गुरुत्वाचे बिंदू कुठे असतात? रस्त्यावर. घाटरस्ता डोंगराच्या शिखरावरून जात नाही, तो खिंड शोधतो, दरीच्या कुशीतून वर चढतो. दोन घाटांच्या मधला कडा, सुळके, माथे, तिथे ग्रॅव्हिमीटर घेऊन कुणी गेलेलं नसतं. म्हणजे ग्रिड बसवणारा प्रोग्राम खिंडींची विसंगती उचलतो आणि ती कड्यावर पसरवतो. तुमचा सह्याद्री त्याच्या लेखी कायम खऱ्यापेक्षा बुटका असतो. ही यादृच्छिक चूक नाही, एकाच दिशेची आहे, आणि म्हणून स्टोक्समध्ये ती साठत जाते.

कड्याची धार किती तीक्ष्ण असते तेही आकड्यात बघा. ६०० मीटर उंच सरळसोट कडा, माथ्यावर सपाट पठार, खाली सपाट कोकण, असं सोपं चित्र धरा. अगदी काठावर उभं राहिलात तर तुमच्या अर्ध्या बाजूचं खडकाचं पान गायब आहे, म्हणून भूप्रदेश-सुधारणा बूगे पत्र्याच्या (तेवढ्याच जाडीच्या, चहूकडे पसरलेल्या सपाट खडकाच्या थराच्या) ओढीच्या बरोबर निम्मी: सुमारे ३३ मिलीगॅल. तिथून पाच किलोमीटर आत पठारावर गेलात की तीच सुधारणा सव्वा मिलीगॅलच्या आसपास उरते. तेहतीसवरून सव्वावर, पाच किलोमीटरात. ही उतरण पाच मिनिटांच्या ग्रिडला, म्हणजे नऊ किलोमीटरच्या चौकटीला, दिसणारच नाही.

म्हणून डोंगराचा परिणाम प्रत्येक बिंदूवर, बिंदूच्या खऱ्या उंचीला, बारीक डीईएम घेऊन आधी काढा. उरलेली शिल्लक गुळगुळीत असते. ती ग्रिडवर बसवा.

कुठला डोंगर काढला?

इथे दोन चुका जोडीने फिरतात.

पहिली: अख्खा डोंगर काढणं. ईजीएम२००८ मध्ये २१९० व्या पदापर्यंतचा (पद जितकं वरचं तितका बारीक तपशील) सह्याद्री आधीच आहे, त्याच्या खालच्या कवचाच्या रचनेसकट. डोंगराच्या मुळांचा प्रश्न याच भूमीवर पहिल्यांदा पुढे आला, हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. कलियाना आणि कलियाणपूर या दोन सर्वेक्षण ठाण्यांमधल्या अक्षांशाच्या अंतरात खगोलीय मोजणी आणि त्रिकोणमितीय सर्वेक्षण यांच्यात ५.२३६ सेकंदांचा फरक येत होता. १८५० च्या दशकात प्रॅट यांनी हिमालयाच्या ओढीने किती फरक पडायला हवा ते मोजलं, तर उत्तर आलं १५.८८५ सेकंद. डोंगर जितका दिसतो तितका ओढत नाही, कारण त्याच्याखाली काहीतरी हलकं आहे. आजही कुणी पूर्ण बूगे सुधारणा (अख्ख्या डोंगराची ओढ वजा करणारी) करून वर ईजीएमही वजा करतो, तेव्हा तो सह्याद्री दोनदा काढत असतो आणि मुळं एकदाच.

काढायचा तो फक्त ईजीएमला न दिसलेला भाग: खरा भूप्रदेश वजा गुळगुळीत केलेला संदर्भ भूप्रदेश. आणि तो संदर्भ मॉडेलच्या पदाशी जुळायला हवा. २१९० पर्यंतचं मॉडेल घेतलं तर संदर्भ पाच मिनिटांचा. ३६० पर्यंतच वापरलं तर तीस मिनिटांचा. मॉडेल ३६० चं आणि संदर्भ पाच मिनिटांचा घेतला तर मधल्या लहरी कुणीच काढत नाही, त्या जशाच्या तशा ग्रिडमध्ये उतरतात. उलट केलं तर त्याच लहरी दोनदा जातात.

दुसरी चूक जास्त खोल आहे आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी हमखास सापडते. कड्याच्या खालच्या गावातला बिंदू ६० मीटरवर. नऊ किलोमीटरच्या चौकटीत पठाराचा तुकडाही येतो, म्हणून तिथला गुळगुळीत संदर्भ समजा २६० मीटरवर. म्हणजे आरटीएम केल्यावर तुमचा बिंदू २०० मीटर खडकाखाली गाडला गेला. खडकाच्या आतलं गुरुत्व स्टोक्सला चालत नाही, त्याला बाहेरचं हवं असतं. त्यासाठी हार्मोनिक सुधारणा करावी लागते, मीटरमागे सुमारे ०.२२ मिलीगॅल, बूगे पत्र्याच्या दुप्पट. २०० मीटरला जवळजवळ ४५ मिलीगॅल. ग्रॅव्हसॉफ्टमधला टीसी हा प्रोग्राम ती गुरुत्वासाठी करतो. डोंगराचे प्रिझमसारखे तुकडे करून त्यांची ओढ मिळवणाऱ्या, स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये ती बहुतेक वेळा नसते.

ओळखायची खूण अशी: शिल्लक विसंगती उभ्या अक्षावर आणि बिंदूची उंची वजा संदर्भाची उंची आडव्या अक्षावर टाका. शून्याच्या उजवीकडचे बिंदू एका ढगात आणि डावीकडचे एका तिरक्या रेषेवर दिसले, आणि त्या रेषेचा उतार ०.२२ च्या जवळ असला, तर सापडलं. हा आलेख मी प्रत्येक कामात काढतो, सगळं ठीक वाटत असलं तरी.

घनतेची चाचणी

आता एक चाचणी, जी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलीय. आपण सगळे खडकाची घनता घन सेंटिमीटरमागे २.६७ ग्रॅम धरतो, पण दख्खनचा घट्ट बेसाल्ट २.८ ते २.९ च्या घरात असतो आणि कोकणातला जांभा त्याहून बराच हलका. अनेकांना वाटतं पट्टा त्यामुळेच आला असणार. तपासायला सोपं आहे. सगळी साखळी २.६७ घेऊन चालवा, मग २.८७ घेऊन पुन्हा चालवा. काढताना तीच घनता, परत घालतानाही तीच. शेवटचे दोन जिओइड वजा करा.

फरक काही सेंटिमीटरांत राहिला तर साखळी शाबूत आहे: काढलं तेवढंच परत आलं. फरक दहा-वीस सेंटिमीटरांवर गेला आणि त्याचा नकाशा तुमच्या पट्ट्यासारखाच दिसला, तर काढणं आणि घालणं यांत मेळ नाही. एका बाजूला वेगळा डीईएम, वेगळी त्रिज्या, वेगळा संदर्भ, किंवा चुकलेलं चिन्ह. घनतेचा प्रश्न त्यानंतरचा.

तशीच चाचणी स्टोक्ससाठी. खरा डेटा बाजूला ठेवा. ईजीएम२००८ ची ३६१ ते २१९० पदांची विसंगती ग्रिडवर घ्या, तुमच्या स्टोक्समधून काढा, आणि त्याच पदांच्या मॉडेलच्या जिओइडशी ताडून बघा. मधल्या भागात सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरांत जुळायला हवं. नाही जुळलं तर आधी ग्रिडच्या ओळी बघा: ग्रॅव्हसॉफ्ट उत्तरेकडून दक्षिणेकडे लिहितो, बरेच दुसरे प्रोग्राम दक्षिणेकडून. उलटा झालेला ग्रिड कधीही त्रुटीचा संदेश देत नाही.

स्वतःचं कोड असेल तर अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डेटावरही चालवून बघा. तिथे डोंगराळ भागाचं जमिनीवर मोजलेलं गुरुत्व, विमानातून मोजलेलं गुरुत्व आणि भूप्रदेशाचा एकच संच चौदा गटांना देऊन सेंटिमीटरभर अचूक जिओइडचा प्रयोग झाला होता. उत्तर माहीत असलेलं गणित सोडवण्यासारखा दुसरा सराव नाही.

जुना गुरुत्व डेटा

चौकोनी तुकड्यांबद्दल म्हणालो होतो ते हे. जुनी निरीक्षणं पॉट्सडॅम पद्धतीत आहेत, आणि ती पद्धत सुमारे १४ मिलीगॅलने जास्त दाखवते, १९७१ च्या आंतरराष्ट्रीय गुरुत्व-जाळ्याने ते दुरुस्त केलं. त्या काळच्या विसंगती १९३० च्या सूत्राने काढलेल्या असतात, आणि १८ अंशावर १९३० चं सूत्र आताच्या जीआरएस८० सूत्रापेक्षा १५ मिलीगॅल जास्त सामान्य गुरुत्व देतं. आपल्या अक्षांशावर या दोन सुधारणा एकमेकींना जवळजवळ खाऊन टाकतात. दोन्ही केल्या तर मिलीगॅलभर फरक. दोन्ही विसरलात तरी मिलीगॅलभरच. पण एकच केली, तर चौदा-पंधरा मिलीगॅल, म्हणजे शंभर किलोमीटरच्या ठोकताळ्याने दीड मीटर. म्हणून जुन्या यादीतली विसंगती तशीच उचलू नका. मोजलेलं गुरुत्व शोधा आणि विसंगती पुन्हा पहिल्यापासून काढा.

शेवटी बेंचमार्क

हे सगळं करून देशावर पाच सेंटिमीटर उरले आणि महाबळेश्वरला बारा-चौदा उरले, तर घाबरू नका. आरटीएममधून तुमच्या हाती आलेला पृष्ठभाग क्वासिजिओइड आहे, म्हणजे जिओइडच्या जवळचा, पण खडकाची घनता न धरता येणारा पृष्ठभाग. जिओइडवर जायला बूगे विसंगती गुणिले उंची भागिले गुरुत्व एवढं मिळवावं लागतं. ५६० मीटरवर बूगे विसंगती (खडकाच्या थराची ओढही काढलेली) समजा उणे ८० मिलीगॅल असेल तर ते साडेचार सेंटिमीटर होतात. साडेतेराशे मीटरवर उणे १०० असेल तर चौदा. कोकणात शून्य. म्हणजे हाही पट्टा कड्यालाच धरून चालतो, पण लहान, आणि उंचीशी सरळ बांधलेला. हेल्मर्टच्या पद्धतीने, म्हणजे डोंगराचं वस्तुमान जिओइडवर दाबून, केलं असेल तर त्या दाबण्याचा अप्रत्यक्ष परिणाम वेगळा येतो, हजार मीटरवर उणे पावणेसहा सेंटिमीटर. तो मिळवला असेल तर क्वासिजिओइडची सुधारणा वर पुन्हा चढवू नका.

कुठल्या पृष्ठभागाशी तुलना करायची ते लेव्हलिंगवर ठरतं. १९०९ चं आपलं जुनं उंचीचं डेटम किनाऱ्यावरच्या नऊ ठिकाणच्या सरासरी समुद्रसपाटीला बांधलेलं होतं, त्यांत मुंबई आणि कारवारही होते. त्यातल्या उंच्यांना मोजलेलं नव्हे, तर सूत्रातलं सामान्य गुरुत्व वापरून सुधारणा केलेली आहे, म्हणून त्या क्वासिजिओइडला जास्त जवळ आहेत. बेंचमार्कच्या वर्णनपत्रात डेटमचं वर्ष वाचा आणि दोन वर्षांचे बेंचमार्क एका तुलनेत मिसळू नका.

उरलेल्या फरकांवर चार पॅरामीटरचा तिरपा पृष्ठभाग बसवायचा तो इथे, याच्या आधी नाही. आधी बसवला की आकडे सुंदर होतात आणि कार्टोडेमचे पासष्ट मीटर त्या पृष्ठभागात विरघळून जातात, पुन्हा कधी सापडत नाहीत. बसवण्याआधीच्या फरकांची फाइल वेगळी ठेवा, आणि नकाशा मला दाखवायचा असेल तर त्या फाइलचा आणा.